रिपोर्टमधलं ‘डेल १७पी’: लिम्फोमात पेशीचा पहारा कसा उठतो?

[हातात कागद, कॅमेऱ्याजवळ]

नमस्कार मंडळी. हा कागद बघा. लिम्फोमाच्या, म्हणजे मानेत-काखेत असणाऱ्या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रिपोर्टचा नमुना आहे, मीच टाईप केलाय, कुणा पेशंटचा नाही. वरचं सगळं सोडा, ही खालची ओळ वाचा: ‘डेल १७पी पॉझिटिव्ह’.

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि घरात चर्चा मराठीत. मग अशा ओळीचा अर्थ कोण सांगणार? डॉक्टरांना ओपीडीत पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून आज एवढ्या एका ओळीवरच बोलूया.

‘डेल’ म्हणजे डिलीशन, गळून जाणं. ओळीचा अर्थ असा, की गाठीतल्या पेशींमध्ये सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा एक तुकडा गळून गेलाय. त्या तुकड्यावर टीपी५३ नावाचं जनुक असतं. कॅन्सर रोखणाऱ्या जनुकांपैकी हे सगळ्यात जास्त अभ्यासलेलं.

त्याचं काम काय? निपाणीच्या पुढं कोगनोळीचा नाका आठवतोय ना? कोरोनात तिथं गाड्या अडवून रिपोर्ट बघायचे, नसेल तर परत पाठवायचे. पेशीतही असेच नाके आहेत, शास्त्रज्ञही त्यांना चेकपॉइंटच म्हणतात. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची नक्कल होते. डीएनए कुठं तुटला असेल तर एटीएम नावाचं प्रथिन इशारा देतं. मग टीपी५३ जनुकापासून बनणारं प्रथिन, पी५३, पेशीला थांबवतं आणि दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला स्वतःलाच संपवायला लावतं. सीडीकेएन२ए हे नवव्या गुणसूत्रावरचं जनुकही असंच पेशीला थांबवायचं काम करतं.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की दोन्ही प्रती निकामी झाल्या की गाठ धरते. लिम्फोमात पुष्कळदा असंच दिसतं: टीपी५३च्या एका प्रतीत बारीकशी चूक, आणि दुसरी प्रत तुकड्यासकट गायब.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. जरा निवांत ऐका.

लिम्फोमा बहुतेक वेळा बी-पेशींचा असतो. या पेशी अँटिबॉडी बनवतात. जंतू आला की लसिकाग्रंथीत त्यांचं एक केंद्र तयार होतं, जर्मिनल सेंटर. तिथं बी-पेशी झपाट्यानं वाढतात आणि अँटिबॉडी जास्त घट्ट चिकटावी म्हणून आपल्याच अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करून घेतात. म्हणजे स्वतःच्या डीएनएवर स्वतःच कात्री! पी५३ पूर्ण जोरात असता तर हे काम पहिल्याच मिनिटाला बंद पडलं असतं. म्हणून त्या काळापुरतं बीसीएल६ नावाचं प्रथिन पी५३ला दाबून ठेवतं. काम झालं की ब्लिम्प१ येतं, बीसीएल६ला गप्प करतं आणि पेशी अँटिबॉडी सोडणारी प्लाझ्मा पेशी बनून वाढायची थांबते.

लक्षात आलं? या पेशीचा पहारा निसर्गानंच तात्पुरता ढिला केलाय. त्यात ब्लिम्प१चं जनुक, सहाव्या गुणसूत्रावरचं पीआरडीएम१, निकामी झालं तर पेशी त्या धोक्याच्या अवस्थेतच अडकून पडते. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या एका उपप्रकारात हे आढळतं. म्हणून ‘कॅन्सर रोखणारं जनुक म्हणजे ब्रेक’ हे नेहमीचं वाक्य मला अपुरं वाटतं. काही जनुकं ‘थांब’ म्हणतात, काही ‘आता मोठी हो’ म्हणतात. बी२एम नावाचं जनुक गेलं तर पेशी टी-पेशींच्या, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशींच्या, नजरेतून सुटते, तो तिसराच प्रकार. फॉलिक्युलर लिम्फोमात केएमटी२डी आणि सीआरईबीबीपी ही जनुकं बिघडलेली सापडतात. ती यादी पाठ करायची गरज नाही.

मग उपचारात फरक काय? केमोची बरीच औषधं पेशीचा डीएनए तोडतात आणि पुढचं मारायचं काम पी५३वर सोडतात. पी५३च नाही म्हटल्यावर पेशी तशीच पुढं जाते. म्हणून सीएलएल (बी-पेशींचाच एक रक्ताचा कॅन्सर) आणि मँटल सेल लिम्फोमात ही ओळ फार महत्त्वाची. सीएलएलमध्ये १७पी गेलेलं असेल तर आज नुसत्या केमोऐवजी बीटीके नावाचं प्रथिन रोखणारी औषधं किंवा व्हेनेटोक्लॅक्स यांचा विचार होतो. हॉजकिन लिम्फोमाच्या पेशंटनं मात्र ‘माझं १७पी का नाही केलं’ म्हणून डॉक्टरांशी भांडू नये, तिथं ही टेस्ट सरसकट लागत नाही.

ही टेस्ट म्हणजे फिश. अंधाऱ्या पडद्यावर एकेका पेशीत रंगीत ठिपके दिसतात. साधारणपणे टीपी५३चे दोन लाल, गुणसूत्राच्या मध्याचे दोन हिरवे. हिरवे दोन आणि लालच एक, असं बऱ्याच पेशींत दिसलं की ‘डेल’. पण बारीक चूक फिशला दिसत नाही, तिला सिक्वेन्सिंग लागतं. फिश नॉर्मल आलं तरी टीपी५३ बिघडलेलं असू शकतं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि घरात कुजबुजत विचारला जाणारा प्रश्न: ‘हे घराण्यात आहे काय? पोरीच्या लग्नात अडचण येईल काय?’ बहुतेक वेळा नाही हो. हा तुकडा गाठीतल्या पेशींतूनच गळालाय, आयुष्यात नंतर. जन्मतः टीपी५३ बिघडलेली कुटुंबं असतात, पण विरळ. तिथं लहान वयात, एकाच घरात वेगवेगळे कॅन्सर दिसतात.

आता कामाचं. मानेतली गाठ दिसली की ‘टीबीच असणार’ म्हणून गाठीचा तुकडा न तपासता गोळ्या सुरू करून घेऊ नका. सुईच्या तपासणीवर लिम्फोमाचा प्रकार नीट ठरत नाही, शक्य असेल तिथं अख्खी गाठ काढून तपासतात. त्यातूनच मेणाचा छोटा ठोकळा बनतो, त्याला ब्लॉक म्हणतात. कोल्हापूर, मिरज की मुंबईला दुसरं मत घ्यायला निघालात तर फक्त फाईल नेऊ नका. लॅबकडं अर्ज करून ब्लॉक मागा, वरचा नंबर रिपोर्टशी जुळवून बघा, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.