रॉबर्ट ली नक्की कोणाचा मुलगा? हॅरी लीच्या घरातला गुंता

नमस्कार मंडळी! ‘अमेरिकेतल्या ली घराण्यावर बोला’ म्हणून कमेंट्सचा नुसता मारा चाललाय, तर घ्या.

हेन्री ली, ऊर्फ ‘लाइट-हॉर्स हॅरी’. जन्म १७५६, व्हर्जिनिया. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेत घोडदळाचा अधिकारी. १७७९ मध्ये पॉलस हूकच्या ब्रिटिश ठाण्यावर पहाटे छापा, अमेरिकन काँग्रेसचं (तिथल्या प्रतिनिधिसभेचं) सुवर्णपदक, पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर. हे सगळीकडे मिळतं. पुढे जाऊ.

गोंधळ आहे घरात. पहिली बायको मटिल्डा. तीसुद्धा ली! दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. सगोत्र विवाहाच्या कमेंट्स येणार, माहितीये. माहेर ली, सासर ली, आणि स्ट्रॅटफर्ड हॉल हा वाडा तिच्या माहेरचा. हॅरीचा नव्हे! दुसरी बायको अ‍ॅन कार्टर, लग्न १७९३. अमेरिकन यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हा अ‍ॅनचा मुलगा. मटिल्डाचा नाही.

तरी कोणीतरी लिहितंच, ‘रॉबर्टला आईकडून स्ट्रॅटफर्ड मिळालं.’ अहो, मटिल्डा गेली १७९० मध्ये, रॉबर्ट जन्मला १८०७ मध्ये. सतरा वर्षांनी?

बरं, तारखा सोडा, कागद बघा. हॅरी जमिनीच्या सट्ट्यात रुतत चालला होता. मटिल्डाला ते दिसत होतं. मरण्याआधी तिनं इस्टेट मुलांच्या नावे विश्वस्तांकडे सोपवली, म्हणजे नवऱ्याच्या सावकारांना हात लावता येऊ नये. बाई हुशार! वाडा गेला तिच्या मुलाकडे, त्याचंही नाव हेन्री. (वहीत वंशावळ काढायला बसलो तर एकाखाली एक चार हेन्री. बारशाला दुसरं नाव सुचतच नव्हतं की काय!) रॉबर्टचा जन्म त्याच वाड्यातला, पण वाटा शून्य. हॅरी १८०९ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला, आणि पोरगं तीनेक वर्षांचं असताना अ‍ॅन सगळ्यांना घेऊन अलेक्झांड्रियाला (इजिप्तचं नव्हे, अमेरिकेतलंच) भाड्याच्या घरात.

आणि अ‍ॅनच्या बापानंही तेच केलं! मृत्युपत्रात मुलीचा वाटा विश्वस्तांकडे, जावयाला त्यातलं काही नाही. दोन सासुरवाड्या, दोन्हीकडे जावयापुढे कुलूप. मला तर या माणसाच्या लढायांपेक्षा ही कागदपत्रंच जास्त बोलकी वाटतात.

एकानं विचारलंय, ‘मॉनमथच्या लढाईत वॉशिंग्टनची बोलणी खाणारा जनरल चार्ल्स ली हॅरीचा भाऊ ना?’ नाही हो! तो इंग्लंडमध्ये जन्मलेला, या घराण्याशी संबंध नाही. हॅरीला चार्ल्स नावाचा भाऊ होता खरा, पण तो वकील, वॉशिंग्टनच्याच सरकारात अ‍ॅटर्नी जनरल झाला.

आता ‘रॉबर्ट हा वॉशिंग्टनचा जावई’ म्हणणारे. वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नव्हतं. त्याची बायको मार्था, तिच्या पहिल्या लग्नाकडून नातू जॉर्ज कस्टिस, त्याची मुलगी मेरी, ती १८३१ मध्ये रॉबर्टची बायको झाली. म्हणजे मार्थाचा पणतजावई. आता तरी थंबनेलवर ‘जावई’ छापू नका.