भरलेली पिकअप, तापणारं इंजिन आणि घाटातले ब्रेक

नमस्कार श्रोतेहो.

तासगाव-पलूसची द्राक्षं असोत, कोरेगावची भाजी असो की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद, हा माल कुठे ना कुठे छोट्या हत्तीत नाहीतर पिकअपमध्ये चढतोच. या गाड्या दिवसभर भरलेल्या असतात आणि थांबत-थांबत चालतात. त्यात आपल्याकडे एका अंगाला घाट आणि दुसऱ्या अंगाला जत-आटपाडीची धूळ. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकात सर्व्हिसचे जे किलोमीटर दिलेले असतात, त्याच्या थोडं अलीकडेच आपली गाडी गॅरेजला न्यावी. आज मुख्यतः दोन गोष्टी सांगायच्या आहेत, इंजिन तापणं आणि ब्रेक. बाकी बिघाडांत गाडी नुसती उभी राहते. या दोन्हींत इंजिन जातं, नाहीतर माणूस.

आधी इंजिन. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीची चढण असो की वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते. इंजिन जोरात फिरतं, पण वेग कमी असल्यानं रेडिएटरला वारा लागत नाही. सगळी भिस्त फॅनवर. म्हणून तापमानाचा काटा कधी वर जातो याकडे लक्ष द्या, तिथेच बिघाड सापडतो. फक्त चढणीवर किंवा ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर फॅन पाहा. विजेवर चालणारा असेल तर त्याचा फ्यूज, रिले आणि मोटर तपासा, बेल्टवर असेल तर बेल्ट सैल झालाय का बघा. सरळ हायवेवर वेगात जातानाही तापत असेल तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून बुजलेला असण्याची शक्यता जास्त. आणि सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर गेला, वरचा होजपाईप कडक गरम आणि खालचा थंड असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, अडकलाय. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. तसं करू नका. मग इंजिन पुरेसं गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं आणि झीजही वाढते. नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आपल्या भागात फार आहे. कृष्णाकाठच्या बऱ्याच पट्ट्यात ते पाणी क्षारयुक्त आहे. त्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि इंजिनातलं पाणी फिरेनासं होतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही बघा. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण ढिलं झालं की तेच कूलंट उकळून बाहेर येतं.

घाटात काटा लाल पट्ट्याजवळ आला तर एसी बंद करा, हिटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. केबिनमध्ये उकडेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर पडते. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली तर जागा बघून लगेच इंजिन बंद करा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. एकदा असं जोरात तापून गेलं की नंतरचे काही दिवस कूलंटची पातळी रोज बघा. कुठेही गळती नसताना पातळी उतरत असेल, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसत असेल किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेलं असं समजा. त्या अवस्थेत भाडं मारू नका, बेअरिंगं जातील.

आता ब्रेक. पाटणहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरताना, किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी उतरताना, पाय ब्रेकवर सतत ठेवला तर लायनर आणि ड्रम इतके तापतात की पकडच उरत नाही. जळका वास येतो तो याचाच. दुसरा धोका ब्रेक ऑईलचा. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शिरल्यावर हा आकडा १४० पर्यंत खाली येतो. ऑईल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट खाली जातं. म्हणून २ वर्षांनी ब्रेक ऑईल पूर्ण बदला, चारही चाकांची एअर काढून. वर डबीत थोडं-थोडं भरत राहणं म्हणजे ऑईल बदलणं नव्हे. आणि पातळी उतरतेय तर लायनर झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर बघा.

उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये ही चढण चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून वेग कमी करा, पाय काढा, पुन्हा दाबा. आणि गाडी न्यूट्रलवर सोडू नका, इंजिन बंद करून तर मुळीच नाही. बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग, असलेल्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा दाबलं की पॅडल दगडासारखं होतं. यात डिझेल वाचतं हा समजही चुकीचा आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो.

वजनाचंही सांगायला हवं. आरसीवरच्या ग्रॉस वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. ७५० किलो उरले आणि चालक धरून दोन माणसांचे १३० गेले, तर २५ किलोचे २४ क्रेट होतात. ३५ भरले तर पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, मुख्य पान तुटतं, पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले पडतात आणि ब्रेक तेवढाच राहतो. नवे पाटे बसवल्यावर काही दिवस माल वाहून झाला की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाट्याच्या टोकाची शॅकल पिन आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, यांना ग्रीस भरायचं निपल असेल तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. निघताना खाडकन आवाज येत असेल तर क्रॉस गेलाय.

क्लच घसरतोय का हे सपाट जागी बघता येतं. हँडब्रेक ओढा, समोर माणूस नको, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूच सोडा. इंजिन बंद पडलं तर ठीक. नुसतं घुमत राहिलं तर प्लेट संपत आली.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तो सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यावर दर आठवड्याला झटका, पण हवेचा प्रेशर आतून बाहेर मारा. टायरमधली हवा थंड असतानाच मोजा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली राहिले तर बॅटरी विकत घेण्याआधी बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा.

गाडीत एक जादा बेल्ट, फ्यूज, होज क्लिप, ५ लिटर स्वच्छ पाणी, हातमोजे आणि चाकाखाली लावायला लाकडाचे दोन ठोकळे ठेवा. जॅक लावण्याआधी ते ठोकळे लावा, हौद्यात माल असेल तर नक्कीच. आणि स्टेपनीतली हवा मोजा, ती बहुतेक वेळा कमीच निघते.