अठरा पूर्ण झाली, आता पुढे?

अमेरिकेत आईवडिलांकडे राहणं धोक्याचं ठरलं, की न्यायालय मुलाला फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत सांभाळायला, पाठवतं. तिथून ते मूल राज्याची जबाबदारी होतं. ही जबाबदारी बहुतेक राज्यांत अठराव्या वाढदिवसाला संपायची. ज्याला परतायला घरच नाही, त्याला त्या दिवशी 'आता तू स्वतंत्र' असं सांगायचं, हे मला आजही क्रूर वाटतं.

इलिनॉय राज्यात मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येत असे. शेजारच्या आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये साधारण अठराला दार बंद. शिकागोच्या चॅपिन हॉल संस्थेतल्या संशोधकांनी या तिन्ही राज्यांतल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. इलिनॉयमधली मुलं कॉलेजात जास्त गेली, आणि बेघर होण्याची वेळ निदान पुढे ढकलली गेली. आमदारांपुढे ठेवायला असा पुरावा फार क्वचित हाती लागतो.

२००८ मध्ये केंद्राने कायदा केला: राज्यांनी वय २१ पर्यंत वाढवलं, तर खर्चाचा वाटा आम्ही उचलू. सक्ती नव्हती, त्यामुळे निर्णय प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात गेला. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये विधेयक मंजूर केलं आणि १ जानेवारी २०१२ पासून ते लागू झालं.

आता त्यातल्या अटी बघा. मुलाने शाळा पूर्ण करत असावं, किंवा कॉलेजात असावं, किंवा महिन्याला किमान ८० तास काम करावं, किंवा नोकरीतले अडथळे दूर करणाऱ्या एखाद्या कार्यक्रमात असावं. आजारपणामुळे यातलं काहीच जमत नसेल, तर सूट. कागदावर हे सगळं रास्त दिसतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीची दुकानातली नोकरी गेली, त्या महिन्यात तिचे तास भरत नाहीत, आणि छप्पराची गरज नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. अट घालताना आमदाराच्या डोळ्यांपुढे धडपडणारं, वक्तशीर मूल असतं. घसरलेलं मूल नसतं.

यात केवळ आमदारांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवस भरतं. जवळपास सगळ्याच राज्यांना अर्थसंकल्प समतोल ठेवावा लागतो. आज मुलाच्या निवाऱ्यावर केलेला खर्च पुढे तुरुंगाच्या किंवा दवाखान्याच्या खात्यात वाचतो, तेव्हा आजचा आमदार त्या खुर्चीत नसतो.

म्हणूनच समितीपुढे या व्यवस्थेत वाढलेल्या तरुणांना बोलवायला हवं, तेही मसुदा तयार होत असताना. बहुतेकदा विधेयक तयार झाल्यावर त्यांना दोन-तीन मिनिटं मिळतात. सदस्य हेलावतात आणि अटी तशाच राहतात. त्यांना विचारावं, 'काम सुटलं त्या महिन्यात तुला काय लागलं असतं?' कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक तरतूद आहे, तिचं मला फार मोल वाटतं: बाहेर पडलेला तरुण एकवीसच्या आत परत येऊ शकतो. पण परत येता येतं, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.