हप्ता परवडला, कर्ज नाही

कर्ज घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हप्ता किती बसेल? आकडा पगारात बसला की सही होते. कर्ज विकणाऱ्यालाही हाच प्रश्न हवा असतो, कारण हप्ता हवा तेवढा लहान करून दाखवणं त्याच्या हातात असतं. मुदत वाढवली की काम झालं.

(पडद्यावर दोन रकाने: 20 वर्षं, 30 वर्षं)

समजा, घरासाठी दहा लाखांचं कर्ज आहे आणि व्याज वर्षाला 9 टक्के. वीस वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता येतो साधारण 9,000. तीस वर्षांत फेडायचं ठरवलं तर 8,050. महिन्याला साडेनऊशे वाचले की! आता एकूण व्याजाची बेरीज पाहा. वीस वर्षांत साधारण 11 लाख 60 हजार, आणि तीस वर्षांत जवळजवळ 19 लाख. महिन्याकाठी साडेनऊशे कमी भरण्यासाठी सात लाखांहून जास्त मोजले.

लांब मुदत सरसकट वाईट असते, असं नाही. ज्याची कमाई एका महिन्यात भरपूर आणि दुसऱ्या महिन्यात शून्य, त्याने हप्ता लहान ठेवावा आणि हातात पैसे आले की मुद्दल थोडं थोडं फेडत राहावं. हिशेब चोख बसतो. फक्त मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हे आधी विचारून घ्यायचं. आणि वाचलेले साडेनऊशे खरोखरच बाजूला पडतात का, हे स्वतःला विचारायचं. बहुतेकांचे पडत नाहीत.

दराचीही एक गोम आहे. एक लाखाचं कर्ज, एक वर्षाची मुदत, दर 'फ्लॅट' 10 टक्के. व्याज दहा हजार, म्हणजे 9,167 चे बारा हप्ते. ऐकायला स्वस्त. पण ते एक लाख वर्षभर तुमच्याकडे नसतातच. सहा हप्ते गेले की निम्मं कर्ज फिटत आलेलं असतं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर मांडलं तर हा दर जवळजवळ 18 टक्के पडतो. म्हणून दर सांगितला की लगेच विचारायचं: हा फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर? आणि शुल्क, विमा वगैरे कापून हातात नक्की किती पडणार? बिनव्याजी हप्त्यांची वस्तू असेल तर एकरकमी पैसे दिल्यावर तीच वस्तू कितीला मिळते, तेवढं विचारलं तरी पुरतं. दोन आकड्यांत फरक निघाला, तर तेच व्याज.

(पडद्यावर: क्रेडिट कार्डाचं बिल. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर थांबतो.)

आता जरा थांबून हे बिल वाचू. वर लिहिलंय, एकूण देय रक्कम: एक लाख. त्याखाली दुसरा आकडा, किमान देय रक्कम. तेवढी भरली की विलंब शुल्क नाही, फोन नाहीत, नोंद खराब होत नाही. आजचं मरण उद्यावर.

धरून चालू की व्याज महिन्याला 3 टक्के आहे आणि किमान रक्कम व्याजासकट थकबाकीच्या 5 टक्के. पहिल्या महिन्यात तीन हजार व्याज चढलं, तुम्ही 5,150 भरले. मुद्दल घटलं 2,150 नी. पुढच्या महिन्यात थकबाकी जराशी कमी, म्हणून किमान रक्कमही जराशी कमी. नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर असंच भरत राहिलात, तर एकूण भरणा होतो साधारण 55,000. थकबाकी उरते 77,000. मधले 32,000 व्याजात गेले.

आता एकच गोष्ट बदलू. पहिल्या महिन्यात जे 5,150 भरले, तेवढेच दर महिन्याला भरायचे. बिलावरची किमान रक्कम खाली गेली तरी आपला आकडा हलवायचा नाही. तिसाव्या महिन्यात कर्ज संपतं. किमान रक्कम भरत राहिलेल्याचं त्याच तिसाव्या महिन्यात निम्म्याहून जास्त कर्ज अजून शिल्लक असतं. दोघांचा दर सारखा, सुरुवात सारखी, पहिला हप्तासुद्धा सारखा. किमान रक्कम ठरवतानाच ती थकबाकीबरोबर आकसत जाईल अशी ठरवलेली असते, म्हणून कर्ज लांबत राहतं. तिच्याकडे सवलत म्हणून बघणं मला तरी जमत नाही.

शिवाय एकदा थकबाकी मागे राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज. कार्डाने रोख काढली असेल तर तिथे अशी मुदत मुळातच नसते, वर शुल्क वेगळं.

(पडद्यावर: 1950 च्या दशकातला रस्ता, कृष्णधवल)

कार्ड जन्माला आलं तेव्हा असं नव्हतं. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, त्याचं बिल महिन्याअखेरीस पूर्ण भरावं लागे. थकबाकी पुढे ओढायची सोय मोठ्या प्रमाणावर आली ती 1958 मध्ये. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे 60 हजार लोकांना, कुणीही मागितलेलं नसताना, टपालाने कार्डं धाडली. पैसे सावकाश फेडा, मधल्या काळाचं व्याज द्या. त्याच कार्डाचं पुढे व्हिसा झालं.

थकबाकी वाढण्याचा वेग जोखायला मात्र कागदसुद्धा लागत नाही. 72 ला दराने भागायचं, की रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते निघतं. हा ठोकताळा जुना आहे, 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचोलीच्या गणिताच्या ग्रंथातही तो आहे. महिन्याला 3 टक्के असतील तर 72 भागिले 3, म्हणजे 24. हात न लावलेली थकबाकी दोन वर्षांत दुप्पट. हेच गणित उलटंही लागू पडतं: महागाई वर्षाला 6 टक्के असेल, तर गादीखाली ठेवलेल्या पैशाची किंमत बारा वर्षांत निम्मी.

मग एक प्रश्न उरतो. बचत खात्यात पैसे पडून असताना माणसं कार्डाची थकबाकी का ओढत बसतात? खात्यावर मिळतात वर्षाला जेमतेम काही टक्के, आणि कार्डावर जातात महिन्याला 3. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017 साली नोबेल मिळालं, त्यांच्या कामाचा एक भाग नेमका याच सवयीवर आहे. आपण मनात पैशांचे कप्पे करतो. हे सुट्टीचे, हे मुलीचे, हे अडीअडचणीचे. एका कप्प्यातून दुसऱ्यात हात घालणं चुकीचं वाटतं, मग व्याज कितीही जावो.

कप्पे मोडून टाका, असं मी म्हणणार नाही. अडीअडचणीचा कप्पा तर हवाच. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी नसेल, तर पहिलं आजारपण किंवा पहिली गेलेली नोकरी माणसाला पुन्हा कार्डाकडेच नेते. तेवढी रक्कम ठेवून वरची सगळी बचत सर्वांत महाग कर्जावर घालावी, हा हिशेब कुठल्याही चलनात बरोबर ठरतो. आधी लहान कर्ज संपवलं की हुरूप येतो, असं काहीजण सांगतात. येतो, खरं आहे. पण दोन कर्जांच्या दरांत मोठं अंतर असेल, तर तो हुरूप महागात पडतो.

दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांकडेही वर्षाच्या आकड्यातच बघावं, त्यावर याहून जास्त वेळ नको.

(पडद्यावर: एक करारपत्र, तळाशी दोन सह्यांच्या जागा)

आणि हा असा व्यवहार, ज्यात आपला हप्ता शून्य असतो. मित्राच्या, मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहणं. 'नुसती सही तर हवी आहे,' असं म्हटलं जातं. बहुतेक कायद्यांत जामीनदाराची जबाबदारी नुसती कागदावरची नसते. कर्जदाराने हात वर केले की उरलेलं मुद्दल, व्याज, दंड, सगळं जामीनदाराकडे मागता येतं, आणि कित्येकदा कर्जदाराकडून आधी वसुली करायची अटही नसते. पुढे स्वतःसाठी कर्ज काढायला गेलात, तर ही जबाबदारीही तुमच्या नावावर मोजली जाऊ शकते. नाही म्हणणं जड जात असेल, तर परत आली नाही तरी चालेल अशी एखादी रक्कम आपल्या हाताने द्यावी. सही करायचीच असेल, तर अख्खं कर्ज आपणच घेतोय असं धरून करावी, आणि हप्ता चुकला तर त्याच दिवशी आपल्याला कळवलं जाईल, हे करारात लिहून घ्यावं.