पत्रा म्हणजे कसला पत्रा?

मघाशी दारातच एका गृहस्थांनी मला गाठलं. ‘पत्र्यावरचं पावसाचं पाणी प्यावं का?’ मी विचारलं, ‘पत्रा कसला आहे?’ ते म्हणाले, ‘कसला म्हणजे? पत्रा म्हणजे पत्रा!’ आजचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

पावसाचं पाणी शुद्ध, असं आपण धरून चालतो. पण हवेतून खाली येताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि अगदी स्वच्छ हवेतही पाण्याचा सामू (पीएच) ५.६च्या आसपास येतो. म्हणजे ते किंचित आम्लधर्मी असतं. शिवाय क्षार जवळजवळ नाहीत. असं पाणी ज्यावर पडेल त्यातलं थोडंफार घेऊनच खाली उतरतं.

याचा पुरावा जुन्या कौलारू छपरावर नुसत्या डोळ्यांना दिसतो. सगळी कौलं शेवाळानं काळीहिरवी झालेली असतात, पण वर कुठे जस्ताची किंवा तांब्याची पट्टी ठोकलेली असेल, तर तिच्या बरोब्बर खाली, पाणी ओघळतं तेवढ्याच रुंदीचा लख्ख पट्टा असतो. तो कुणी घासलेला नसतो. शेवाळाला मानवणार नाही इतका धातू त्या ओघळात उतरलेला असतो, बस.

मग जस्ताचा पत्रा वाईट का? माणसापुरतं बोलायचं तर सहसा नाही. लिटरमागे ३ मिलीग्रॅमच्या वर जस्त गेलं की पाणी तुरट लागायला लागतं. तक्रार मुख्यतः चवीचीच. तांब्याच्या छपराचं पाणी थेट तळ्यात सोडलं तर मात्र मासे आणि पाणवनस्पती आपल्या कितीतरी आधी हैराण होतात. मला खरी धास्ती वाटते ती शिशाची. धुराड्याभोवती, छपराच्या सांध्यांत फटी बुजवायला शिशाचा पत्रा वापरत. जुन्या रंगांतही शिसं असे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलीग्रॅम आहे. आणि कृपा करून ‘उकळून घेतो’ म्हणू नका. उकळल्यानं जंतू मरतात. शिसं तसंच राहतं, उलट पाणी आटेल तसं दाट होतं.

पत्र्याची बाजूही सांगायला हवी. तो गुळगुळीत, त्यामुळे धूळ आणि विष्ठा लवकर धुऊन जाते. उन्हात इतका तापतो की बरेच जंतू तिथेच संपतात. कौल सच्छिद्र, ओल धरून ठेवणारं. सिमेंटच्या कौलांतला चुना पाण्याची आम्लता मोडतो, हा त्यांचा गुण.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली अशा छपरांची तुलना प्रसिद्ध केली. जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा, सिमेंटची कौलं आणि उष्णता परावर्तित करणारं छप्पर साधारण सारखीच निघाली. डांबरी शिंगल्स (कौलांसारखे बसवायचे डांबरी तुकडे) आणि माती-झाडांचं हिरवं छप्पर यांच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन मात्र जास्त होता. हिरव्या छपराचं नाव ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं. बागेला ते पाणी उत्तमच. पण त्यात क्लोरीन टाकलं की सेंद्रिय द्रव्याशी संयोग होऊन नकोशी संयुगं तयार होतात. आणि प्रक्रियेशिवाय पिण्यायोग्य असं एकही छप्पर त्यांना सापडलं नाही.

म्हणून छपरावरची धूळ-घाण घेऊन येणारं पहिलं पाणी सोडून द्यायचं. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपराचे पहिले दोन मिलिमीटर सोडायचे, तर दोनशे लिटर. लोकांचा जीव इथेच अडकतो.

पुढच्या पावसात एक करून बघा. पन्हळीखाली एक ग्लास सुरुवातीलाच भरा, दुसरा दहा मिनिटांनी, तिसरा अर्ध्या तासानं, आणि तिन्ही पांढऱ्या कागदासमोर ठेवा. फरक सांगावा लागणार नाही. शिसं मात्र तिन्हींपैकी एकातही दिसणार नाही. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच न्यावं लागेल.