पिवळा पीतांबर नावाचा देश

सभेच्या अध्यक्षांनी आत्ता ‘ईस्ट तिमोर’ म्हटलं, तिथूनच सुरुवात करतो. इंडोनेशियाला लागून असलेला हा देश, अधिकृत नाव तिमोर-लेस्ते. मलय भाषेत ‘तिमूर’ म्हणजे पूर्व. हा देश तिमोर बेटाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, आणि पोर्तुगीजमध्ये ‘लेस्ते’ म्हणजे तेही पूर्वच. म्हणजे तिमोर-लेस्ते हा पूर्व-पूर्व देश झाला. आपला पिवळा पीतांबर! पुणे जिल्ह्यापेक्षा थोडा लहानच, वस्ती तेरा-चौदा लाखांची.

आमचे आजोबा म्हापशाचे. फार चिडले की म्हणायचे, “तिमोरला धाडीन हं!” उगाच नव्हे. गोव्यासारखंच तिमोरवरही पोर्तुगीजांचं राज्य, आणि तिथला कारभार 1844 पर्यंत गोव्यातूनच चाले. पुढे गोव्यातल्या सत्तरीच्या राणे सरदारांच्या बंडातल्या माणसांनाही तिकडे हद्दपार केलं होतं. मला लहानपणी वाटायचं, तिथं नुसत्या मगरी असतील. ते अगदीच चूक नव्हतं म्हणा. तिथली दंतकथा अशी, की एका पोरानं मगरीचं पिल्लू वाचवलं आणि ती मगर म्हातारी झाल्यावर तिचंच बेट झालं. त्यामुळे तिथली माणसं मगरीला आजोबा म्हणतात. आमच्या आजोबांना हे कळवायचं राहून गेलं.

मुद्दा भाषेचा आहे. 28 नोव्हेंबर 1975 ला फ्रेटिलिन या तिथल्या पक्षानं पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नवव्या दिवशी इंडोनेशियाची फौज उतरली. मग चोवीस वर्षं पोरं इंडोनेशियन भाषेत शिकली. स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी मात्र एक तर डोंगरात, नाही तर परदेशात, मोझांबिक-पोर्तुगालमध्ये, आणि त्यांचं आपसातलं लिहिणं-बोलणं पोर्तुगीजमध्ये. 20 मे 2002 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यघटनेनं तिथली स्थानिक तेतुम आणि पोर्तुगीज अशा दोन राजभाषा केल्या. इंडोनेशियन आणि इंग्रजीला कामकाजापुरती जागा दिली. आता कोर्टाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. कायदा पोर्तुगीजमध्ये, जुने जमिनीचे कागद इंडोनेशियनमध्ये, साक्षीदार तेतुममध्ये बोलतो, आणि डोंगराकडचा असेल तर मांबाई या तिथल्या आणखी एका बोलीत. निकाल लागला तरी तो काय लागला हे बाहेर पडून दुसऱ्याला विचारायचं. गोव्यात मराठी की कोंकणी यावर हयात घालवलेल्या आपल्या लोकांना मी सांगतो, आपलं भांडण निदान दोन सख्ख्या शेजारणींचं होतं!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. राजकारण बाकीच आहे, तेव्हा पळतो. 30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल दिला. त्यानंतर इंडोनेशियाच्या पाठबळावरच्या टोळ्यांनी गावं जाळली. 2006 मध्ये सैन्यात ‘पूर्वेकडचे’ आणि ‘पश्चिमेकडचे’ अशी फूट पडून राजधानी ‘दिली’मध्ये रक्त सांडलं. बाकी खुर्च्यांवर तीच माणसं: शानाना गुस्मांव पहिले राष्ट्राध्यक्ष, मग पंतप्रधान, 2023 पासून पुन्हा पंतप्रधान, रामोस-होर्ता 2007 ला राष्ट्राध्यक्ष, 2022 ला परत तेच. देशातली निम्मी जनता पोरासोरांची. पैसा समुद्रातल्या तेल-वायूचा, 2005 पासून निधीत साठवलेला, आणि सरकारचा बहुतेक खर्च त्यातूनच. त्यातलं बायू-उंदान नावाचं वायूक्षेत्र आता आटलं. समुद्रातल्याच ग्रेटर सनराइज या दुसऱ्या क्षेत्राचा वायू नळानं तिमोरच्या किनाऱ्यावर आणायचा की ऑस्ट्रेलियात डार्विनला न्यायचा, यावर वाद आहे. ऑस्ट्रेलियाशी समुद्राची सीमा 2018 च्या करारात ठरली, पण नळाचं भांडण...

बरं, बरं, थांबतो. नळाचं चहाच्या वेळी गाठा, नकाशा पिशवीत आहे.