नाणं पाडलं कधी, पडलं कधी

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, निवृत्त विज्ञान शिक्षिकेनं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मागच्या रांगेतली मुलं धातू हुडकायचं मशिन बघायला आली आहेत, हे मला ठाऊक आहे. मशिन आणलंय, पण ते शेवटी. आत्ताच चालू केलं तर तुमच्या लोखंडी खुर्च्यांवर ओरडत बसेल आणि माझं कुणी ऐकणार नाही.

हे मशिन आमच्या घरात आलं ते एका जोडव्यापायी. माझ्या धाकट्या जाऊबाईंचं लग्नातलं चांदीचं जोडवं भाताची रोपं लावताना चिखलात गेलं. त्यांचा मुलगा जहाजावर कामाला असतो. सुट्टीला येताना तो मेटल डिटेक्टर घेऊन आला. "काकी, आईचं जोडवं हुडकूनच काढतो," म्हणाला. सुगी झाली, रान मोकळं झालं आणि आम्ही तिघं बांधावर जाऊन उभे राहिलो.

पहिल्या दोन तासांत बैलांच्या खुरांतून निसटलेल्या पत्र्या गावल्या, ट्रॅक्टरचा एक बोल्ट गावला आणि बाटल्यांची बुचं गावली. बुचं इतकी, की आमच्या रानात रात्री कोण बसतं याचाच शोध आधी घ्यावा असं वाटलं.

मशिनच्या खालच्या टोकाला तबकडी असते, तिच्यात तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट फिरते. त्यानं तयार होणारं चुंबकीय क्षेत्र खालच्या धातूला भिडलं, की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांचं उत्तर दुसरं वेटोळं पकडतं. हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवलं, पण कानाला ऐकू आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. उत्तर किती मागं रेंगाळतं त्यावरून मशिन आकडा दाखवतं. वीज सगळ्यात सहज वाहते ती चांदीतून, तांब्यापेक्षाही. म्हणून चांदीच्या रुपयाचा आकडा वर चढतो आणि सूर बारीक, स्वच्छ येतो. लोखंड घोगरं बोलतं. जोडवंही चांदीचंच, मग ते का बोलेना? त्याचं कारण मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. जोडव्याचं वेढं तोंडाशी उघडं असतं. प्रवाहाला गोल फिरायला वाटच नाही, मग आवाज क्षीण. अखंड अंगठी असती तर कदाचित ओरडली असती.

त्यात आपली माती. अथणी-गोकाककडची काळी वेगळी. आपल्याकडं तांबडी, जांभ्याची, लोखंडानं भरलेली. मशिन नुसतं मातीवर धरलं तरी कुरकुरतं. आधी तबकडी जमिनीशी वरखाली करून त्याला समजवावं लागतं, की बाबा, ही माती आहे, हिचं ऐकू नकोस. एवढं करूनही एकटा रुपया वीतभराच्या फार खाली असला तर साध्या मशिनला कळत नाही. तेव्हा "वीस फूट खोलचं सोनं दाखवतो" म्हणत कुणी दारात आला, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. तांदूळ आपल्याकडं ओढून घेणाऱ्या चमत्कारी भांड्याची गोष्ट सांगून पैसे उकळणाराही त्याच गाडीतून उतरलेला असतो.

तर दुपारी, चिंचेच्या अलीकडं, जुन्या गाडीवाटेच्या कडेला तो बारीक सूर आला. पुतण्यानं घाईघाईनं खुरपं घातलं. निघाला रुपया. राणीछाप, बंदा. खुरप्याचा एक ओरखडा राणीच्या गालावर बसला तो बसलाच. वर संध्याकाळी जाऊबाईंनी तो चिंचेनं लख्ख घासला. हे करू नका. जुन्या चांदीवरची काळपट साय हे तिचं वय असतं. घासलेलं नाणं सोनारालाच काय ते आवडतं, कारण त्याला ते वजनावर घ्यायचं असतं. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी.

रुपयावर साल होतं १८६२. घरी पोचेपर्यंत पुतण्यानं कथा रचूनही टाकली होती: सत्तावनचं बंड होऊन पाच वर्षं झालेली, इंग्रजाचा घोडेस्वार गाडीवाटेनं चाललेला, त्याची थैली फाटलेली. मी म्हटलं, थांब. नाणं पाडलं कधी हे नाणं सांगेल. पडलं कधी, हे त्याला विचारून उपयोग नाही.

आणि पाडलं कधी हेसुद्धा ते सरळ सांगत नाही! १८६२ हा आकडा तसाच ठेवून टांकसाळी १८७४ पर्यंत रुपये पाडत होत्या. मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके असतात. खरं साल त्या ठिपक्यांत आहे, असं नाणी जमवणारे मानतात. आमच्या रुपयावर ठिपके होते की काय, ते चिंचेला माहीत. त्याआधीचा ईस्ट इंडिया कंपनीचा १८४० सालचा रुपयाही असाच वीसेक वर्षं एकाच सालानं निघत राहिला. त्यात हे रुपये पुढं किती दशकं हातोहात फिरले! १९४० साली सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ साली रुपया निकेलचा केला. तेव्हा ज्यांच्याकडं राणीछाप होते, त्यांनी ते कणगीत आणि चुलीमागं दडवले. आमचा रुपया १८६५ साली पडला असेल, नाहीतर १९४२ साली माझ्या आजेसासऱ्यांच्या कमरेच्या थैलीतून निसटला असेल.

कंपनीच्या आधीची नाणी तर आणखी फसवी. बेळगावात पाडलेल्या मोगली रुपयावर बेळगाव हा शब्द हुडकू नका, तिथं फारसीत आझमनगर असतं. पुढं मराठ्यांच्या अमलातल्या टांकसाळीही दिल्लीच्या बादशहाच्याच नावानं रुपये पाडत राहिल्या. बागलकोटचा मल्हारशाही, शहापूरचा शहापुरी, प्रत्येकाचा भाव निराळा, आणि अदलाबदल करताना सराफ कापून घेई तो बट्टा वेगळाच. १८३५ साली कंपनीनं सगळीकडं एकच रुपया चालू केला, तेव्हा ही कटकट हळूहळू मिटली.

आता हे मुलांनी नीट ऐका. समजा, जुनं घर पाडताना भिंतीत गाडगं निघालं आणि आत चाळीस मल्हारशाही रुपये. मनात लगेच काय येतं? एप्रिल १८१८, इंग्रजांच्या मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला, लोकांनी भीतीनं पैसा पुरला. नाहीतर १८२४, कित्तूरच्या राणी चन्नम्मांची इंग्रजांशी लढाई. पण त्याच गाडग्यात एकच रुपया १८३५चा, विल्यम राजाच्या तोंडाचा असेल, तर दोन्ही कथा खोट्या. गाडगं १८३५च्या आधी बंद झालेलंच नाही. ढिगातलं सगळ्यात अलीकडचं नाणं तारीख ठरवतं. आणि गाडगं फुटलं की गवंडी, मालक आणि मालकाचा मेहुणा यांच्यात पहिल्यांदा खिशात जातं ते नेमकं चेहऱ्याचं, चकचकीत नाणं. उरलेले चाळीस उद्या म्युझियममध्ये गेले तरी तिथल्या पाटीवर १८१८चंच साल लागणार.

म्हणून वस्तू दिसली की हात मागं. आधी फोटो, किती खोल ते, आजूबाजूला खापर आहे की राख आहे ते. मग लेखी कळवा. महाराष्ट्राच्या बाजूला इंग्रजांचा १८७८चा कायदा आहे, त्यात दहा रुपयांवरचं निखात धन, म्हणजे जमिनीत पुरलेलं धन, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर कैद होऊ शकते. कर्नाटकचा स्वतःचा कायदा १९६२चा. आणि संरक्षित स्मारकाच्या जवळपास मशिन घेऊन फिरायचंच नाही. निधीच्या नादानं नंदी फोडलेले, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, उपटून टाकलेले मी डोळ्यांनी बघितलेत. त्या वीरगळाखाली मातीशिवाय काही नव्हतं. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाला गुप्तधन दिसतं म्हणतात. मी स्वतः पायाळू आहे. मला दिसली ती बुचं.

आमचा रुपया मी अर्जासकट एका कचेरीत घेऊन गेले. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "बाई, एकच?" म्हटलं, एकच. त्यानं अर्जाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाकीचे कुठं ठेवलेत?" ते त्याला पटवून देण्यात माझ्या तीन फेऱ्या गेल्या. पोच मिळाली, ती घरात फ्रेम करून लावली आहे.

जाऊबाई आज इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. जोडवं अजून रानातच आहे. पुतण्या दिवाळीला येतोय, तेव्हा चिंचेच्या पलीकडचा तुकडा बघायचाय. चला, आता खुर्च्या मागं सारा, मशिन लावते.